उंच डेक आणि छोटी कुत्री: कठडा, जिना आणि राहून जाणाऱ्या फटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराला लागून जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, आहे. कठड्याला उभे गज आहेत आणि दोन गजांमध्ये जवळपास १० सेंमी मोकळी जागा आहे. घरात दोन कुत्री: दोन किलोच्या आसपास वजनाची मोठी झालेली चिवावा आणि वर्षभराचा डॅशहुंड. दोघांना डेकवर मोकळं सोडायचं आहे. बागेत वापरतात ती प्लॅस्टिकची जाळी कठड्याला बांधली तर पुरेल का?

पुरणार नाही. ती जाळी चार-सहा महिन्यांत उन्हाने कडक होऊन तुटायला लागते, आणि डॅशहुंडने मनावर घेतलं तर त्याआधीच कुरतडली जाते. शिवाय जाळी फक्त गजांमधली जागा झाकते. कठड्याच्या खालच्या आडव्या पट्टीखालची फट, जिन्याच्या बाजूचे त्रिकोण, फाटकाखालची पोकळी, कोपऱ्यातल्या दोन खांबांमधली चीर, हे सगळं तसंच राहतं. डेक आणि कठडे बांधणं हे माझं काम आहे आणि घरात छोटी कुत्री असलेल्यांचे डेक मी बरेच दुरुस्त करतो. कुत्रं जिथून पडलं ती जागा कठड्याच्या मधोमध क्वचितच असते. बहुतेक वेळा ती कडेला, खाली किंवा जिन्यापाशी असते, म्हणजे उभ्या माणसाची नजर जिथे जात नाही तिथे.

पण आधी एक गोष्ट, आजपासूनच पाळा. काम होईपर्यंतचा उपाय म्हणून कुत्र्याला डेकवर बांधून ठेवू नका. हे मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे, कारण लोक ते काळजीपोटीच करतात. बांधलेलं कुत्रं गजांमधून घसरलं किंवा कठड्यावरून पलीकडे गेलं तर ते जमिनीवर न पडता गळपट्ट्याला लटकतं. काही मिनिटांत सगळं संपतं आणि आवाजही होत नाही. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, असला तरी भरवसा धरू नका. उलट्या बाजूने लटकताना छोटं कुत्रं त्यातून निसटतं, किंवा पट्टा छातीला आवळून श्वास कोंडतो. तोवर डेकवर न्यायचंच असेल तर हार्नेसला आखूड पट्टा लावा आणि त्याचं दुसरं टोक तुमच्या हातात असू द्या. तेवढा वेळ नसेल तर डेकचं दार बंद.

आता कठडा. बहुतेक देशांचे बांधकामाचे नियम कठड्याची फट लहान मुलाचं डोकं डोळ्यांसमोर ठेवून ठरवतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इथे ती १०० मिमीच्या आसपास आहे, ऑस्ट्रेलियात १२५ मिमी. म्हणजे तुमचा कठडा नियमाप्रमाणे अगदी बरोबर बांधलेला आहे, फक्त तो कुत्र्यासाठी बांधलेला नाही. चिवावा, पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर अशा कुत्र्यांना १० सेंमीची फट म्हणजे उघडं दार. या कुत्र्यांचा आकार केसांमुळे फसवा दिसतो. पोमेरेनियनला अंघोळ घालताना पाहिलं की खरं अंग केवढं आहे ते कळतं.

फट किती चालेल हे डोक्यावरून ठरवा. कानांच्या जरा पुढे, कवटी सर्वांत रुंद असते तिथे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये डोकं हलकेच धरून पुठ्ठ्यांमधलं अंतर मोजा. बारीक अंगाच्या कुत्र्यांत जिथून डोकं जातं तिथून बाकीचं शरीर ओढून नेता येतं, कारण बरगड्या दबतात आणि खांदे एकामागे एक काढता येतात. छाती रुंद आहे म्हणून अडकेल, या हिशोबावर विसंबू नका. अडकलं तर ते आणखी वाईट. डोकं पलीकडे गेलेलं आणि अंग इकडे राहिलेलं कुत्रं घाबरून मागे खेचतं, कान आणि जबड्याचं हाड आडवं येतं, आणि ते जितकं खेचतं तितकं रुतत जातं. म्हणून फट ‘थोडी लहान’ करून भागत नाही. नाकाच्या पुढे काही शिरणार नाही इतकी ती लहान हवी.

मापाला घरातलीच साधनं चालतात. टेनिसचा चेंडू साधारण ६.७ सेंमी व्यासाचा असतो आणि टेबल टेनिसचा बरोबर ४ सेंमी. जिथून टेनिसचा चेंडू जातो तिथून बरीच छोटी कुत्री जातात किंवा अडकतात. मोठ्या झालेल्या छोट्या जातीच्या कुत्र्यासाठी माझा नियम असा की डेकवर कुठेही टेबल टेनिसचा चेंडू आरपार जाता कामा नये. तीन महिन्यांखालची पिल्लं येणार असतील तर त्याहून बारीक, २५ मिमीच्या आत. आज घरात पिल्लू नसलं तरी पाहुण्यांसोबत येऊ शकतं, त्यामुळे जाळीसाठी मी बारीक मापच धरतो. खर्चात फारसा फरक पडत नाही, काम तर एकदाच करायचं असतं.

कुत्रं आधीच अडकलेलं सापडलं तर मागे ओढू नका. एकाने अंगाखाली हात घालून वजन उचलून धरावं, दुसऱ्याने कान चपटे करून डोकं ज्या कोनात आत गेलं असेल त्या कोनात वळवावं. थोडं खाण्याचं तेल किंवा साबणाचं पाणी मदत करतं, डोळ्यांत जाऊ देऊ नका. निघत नसेल तर गज कापा. गज पुन्हा बसवता येतो.

कोणती जाळी? मी वेल्ड केलेली गॅल्वनाइज्ड तारेची जाळी वापरतो, १२ मिमीच्या चौकोनांची आणि साधारण १ मिमी जाड तारेची. २५ मिमीच्या चौकोनातून डोकं जात नाही हे खरं, पण चिवावाचा पंजा जातो, आणि कुत्र्याने त्याच क्षणी उडी मारली तर पाय पिळवटतो. छोट्या जातींत पुढच्या पायाचं मनगटाजवळचं हाड पेन्सिलीइतकं बारीक असतं, तिथे रक्तपुरवठाही कमी असतो, त्यामुळे ते मोडलं की जुळायला वेळ लागतो आणि कधीकधी जुळतच नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी घेऊ नका. ती पीळ देऊन विणलेली असते, एका बाजूने रेटली की भोकं ताणली जातात आणि महिन्याभरात तिला पोट सुटतं.

जाळी दिसायला आवडत नसेल तर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट हा चांगला पर्याय आहे. अॅक्रिलिक तिच्यापेक्षा ठिसूळ असतं, कडेला भोक पाडतानाच तडकतं. पॉलिकार्बोनेट उन्हात वाढतं. ४० अंशांच्या फरकाला दर मीटरमागे जवळपास अडीच-तीन मिलिमीटर, म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा तीन-चार मिमी मोठं पाडा, खाली रबरी वायसर घाला आणि स्क्रू फार आवळू नका. नाहीतर शीट फुगते आणि नेमकी खालच्या कडेला फट उघडते. ज्या बाजूवर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो ती बाजू बाहेर करा. शीटच्या संरक्षक कागदावर तसं छापलेलं असतं. पारदर्शक शीट नवी असताना कुत्री तिच्यावर आदळतात, म्हणून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे डेकच्या फळ्यांपासून २०-२५ सेंमीवर, काही दिवस रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

एक सावधगिरी मात्र पाळावीच लागते. सबंध कठडा शीटने किंवा फळ्यांनी बंद केला की त्यावर वाऱ्याचा जोर थेट खांबांवर येतो. मोकळ्या गजांचा कठडा तेवढ्या जोरासाठी बांधलेला नसतो. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक खांब वरून दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. हलत असेल तर जाळी-शीट सगळं नंतर, आधी तो खांब. खिळ्यांवर उभा असेल तर आरपार बोल्ट घाला. खांब डेकला टेकतो तिथे पेचकसाचं टोक दाबून पाहा. टोक लाकडात सहज शिरलं तर ते कुजलं आहे, आणि तिथे कुत्र्याआधी माणूस पडण्याचा धोका आहे. वारा जास्त असलेल्या जागी मी शीट फक्त खालच्या ६० सेंमीला लावतो आणि वर जाळी ठेवतो.

जाळी कठड्याच्या आतल्या बाजूने लावा. दिसायला बाहेरून लावलेली बरी दिसते, पण मग कुत्र्याचा प्रत्येक धक्का जाळीला खिळ्यांपासून दूर ढकलतो. आतून लावली की तोच धक्का जाळीला गजांवर दाबतो आणि भार गजांवर जातो. आतून लावताना कापलेल्या तारांची टोकं तेवढी सांभाळावी लागतात. पग, शिह त्झू, पेकिनीज यांचे डोळे बाहेर आलेले असतात आणि जाळीची कापलेली कड त्यांना लागू शकते. कापलेली कड दोन सेंमी बाहेरच्या बाजूला दुमडा, हातोडीने चपटी करा आणि वरून लाकडी पट्टी बसवून पूर्ण झाका. जाळी आधी यू आकाराच्या खिळ्यांनी दर १० सेंमीवर बसवायची, मग तिच्यावर पट्टी स्क्रूने दर २० सेंमीवर. नुसत्या खिळ्यांवर राहिलेली जाळी दोन पावसाळ्यांत सुटते. डेकचं लाकूड तांबंयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेलं असेल, हिरवट छटेचं असतं ते, तर साधे लोखंडी स्क्रू त्यात लवकर गंजतात. गरम जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

कठडा लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर जाळी स्टेनलेस तारेने बांधा आणि पिळाची टोकं बाहेर वळवा. प्लॅस्टिकचे टाय वापरायचेच असतील तर उन्हात टिकणारे काळे घ्या. पांढरे टाय एका उन्हाळ्यात तुटतात, तेही सगळे एकाच आठवड्यात. भाड्याच्या घरात भोकं पाडायची परवानगी नसते, तेव्हा जाळी लाकडी चौकटीत बसवून चौकटी खांबांना क्लॅम्पने आवळता येतात. काम संपलं की फळ्यांवरून आणि खालच्या जमिनीवरून लोहचुंबक फिरवा. पिल्लं काय वाटेल ते गिळतात, आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा पोटात राहिला तर नुसतं टोचत नाही, जस्ताची विषबाधा होते. स्टेनलेसचे तुकडे चुंबकाला बरेचदा चिकटत नाहीत, ते डोळ्यांनी शोधून झाडून काढा.

आता खालची फट. कठड्याची खालची आडवी पट्टी आणि डेकच्या फळ्या यांच्यामध्ये पाणी आणि पाला निघून जावा म्हणून पाच ते दहा सेंमी जागा सोडलेली असते. डॅशहुंडची पैदासच मुळी बिळात शिरणाऱ्या शिकारीसाठी झाली. त्याला खाली वाकावंही लागत नाही, तो नाक घालून पोटावर सरपटतो. जाळी या पट्टीपाशी थांबवली तर सगळं काम फुकट गेलं. ती फळीपर्यंत न्या आणि फळीवर सलग एक लाकडी पट्टी बसवून तिच्यात पक्की करा. पाणी जायला पट्टीखाली पाच-सहा मिमी पुरतात, त्यासाठी पातळ वायसर ठेवून पट्टी जरा उचलून बसवता येते. घराच्या भिंतीला कठडा मिळतो ती जागा आणि काटकोनातले जोडखांब हाताने चाचपून पाहा, तिथल्या चिरा नुसत्या पाहून कळत नाहीत.

उंची. बहुतेक कठडे ९० सेंमीच्या पुढे असतात आणि चिवावा तेवढी उडी मारत नाही. जॅक रसेल टेरियर मारतो. पण उडीपेक्षा मला चढण्याची काळजी जास्त वाटते. कठड्याला लागून बाक असेल तर बाकावर उभ्या कुत्र्यासाठी कठडा निम्माच उरतो. खुर्ची, कुंडी, बर्फाची पेटी, गुंडाळलेला पाण्याचा पाइप, सगळ्याची पायरी होते. हलवता येणाऱ्या सगळ्या वस्तू कठड्यापासून एक मीटर आत घ्या. अंगचाच बाक असेल तर त्याच्या मागे कठड्याची उंची बसण्याच्या पातळीपासून मोजा आणि तिथे वर जाळी वाढवा. आडव्या तारांचे किंवा आडव्या पट्ट्यांचे कठडे आधुनिक दिसतात, पण कुत्र्यासाठी ती शिडी आहे. अशा कठड्याला आतून गुळगुळीत शीटच लावावी लागते, कारण जाळीवरही काही कुत्री पंजे रोवून चढतात.

कुत्रं कठडा पार करायला का जातं, याचाही विचार करा. खार, मांजर, रस्त्यावरचं दुसरं कुत्रं ही कारणं सगळ्यांना सुचतात. सुचत नाही ते हे की सर्वांत मोठं आमिष तुम्ही स्वतः आहात. तुम्ही खाली बागेत उतरता, कुत्रं वर राहतं, तुम्ही खालून लाडाने हाक मारता, आणि ते सर्वांत जवळच्या वाटेने तुमच्याकडे निघतं. ती वाट थेट खाली असते. डेकखालून कुत्र्याला नावाने हाक मारायची नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना, मुलांना आणि पाहुण्यांनाही सांगून ठेवा. खाली जायचं असेल तर आधी कुत्रं घरात घ्या. दुसरं मोठं कारण भीती. फटाके आणि विजांच्या कडकडाटात एरवी शहाणं असलेलं कुत्रं जाळीवर डोकं आपटून वाट काढतं. अशा वेळी डेक कितीही पक्का असो, कुत्रं घरातच हवं.

बाहेरचं दिसलं की भुंकत कठड्यावर झेपावणारं कुत्रं असेल तर खालचा ६० सेंमी भाग अपारदर्शक करा, बरीच शांत होतात. उलट काही कुत्र्यांना न दिसणाऱ्या आवाजाचा जास्त त्रास होतो आणि ती पाहायला वर चढतात. पक्की फळी ठोकण्याआधी आठवडाभर जुनी चादर बांधून तुमची दोघं कुठल्या प्रकारात मोडतात ते बघा.

जिना आणि फाटक यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. जिन्याच्या कठड्याखाली, पायरीची सपाटी आणि उभी बाजू यांच्या कोनात, प्रत्येक पायरीला एक त्रिकोण उरतो. अमेरिकेतल्या नमुना नियमात या त्रिकोणाला जवळपास १५ सेंमीपर्यंत मुभा आहे, म्हणजे कठड्याच्या फटीहूनही मोठी. प्रत्येक त्रिकोण फळीचा तुकडा कापून बंद करावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, टाळू नका. पायऱ्यांची उभी बाजू उघडी असेल तर तिथेही फळ्या बसवा. उघड्या पायऱ्यांवरून उतरताना छोट्या कुत्र्याचे मागचे पाय आत घसरतात.

जिन्याच्या वरच्या टोकाला फाटक हवंच. लहान मुलांसाठी मिळणारं, दोन्ही बाजूंनी दाब देऊन बसवायचं फाटक इथे चालत नाही. बाहेरच्या थंडी-उन्हात लाकूड आकसतं, फुगतं, दाब सैल होतो आणि ते कुत्र्यासकट खाली जातं. बिजागऱ्या खांबाला स्क्रूने बसवलेलं फाटक घ्या. ते डेकच्या दिशेने, म्हणजे आत उघडणारं हवं. मग कुत्र्याने रेटलं तर ते आणखी घट्ट बसतं, आणि जिन्यावरून येणाऱ्या माणसालाही ते अंगावर येत नाही. बिजागरी स्प्रिंगची, आपोआप बंद होणारी. कडीही आपोआप अडकणारी. घरात कितीही काळजी घेणारी माणसं असली तरी हातात ताट घेऊन जाणारा माणूस फाटक लावायला थांबत नाही. खालची फट ४ सेंमीच्या आत. जागा असेल तर जिन्याच्या तळाशी दुसरं फाटक बसवा. वरचं कधी उघडं राहिलंच तर कुत्रं निदान रस्त्यावर जात नाही.

तुमच्या डॅशहुंडसाठी जिन्याचा वेगळा विचार हवा. या जातीत मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक व्हायला लागतात, आणि चकती सरकली की मागचे पाय जाऊ शकतात. म्हणून रोज जिना चढणं-उतरणं आणि विशेषतः शेवटच्या दोन-तीन पायऱ्या उडी मारून उतरणं त्याच्यासाठी चांगलं नाही. लोक रॅम्पबद्दल विचारतात. उंचीच्या तिप्पट लांबी, म्हणजे साधारण १८ अंशांचा उतार, हा छोट्या कुत्र्याला जमणारा तीव्र टोकाचा उतार. तुमच्या दोन मीटर उंचीला तो सहा मीटर लांब होईल, आणि त्याला दोन्ही बाजूंनी पुन्हा कठडा लागेल. बहुतेक घरांत तेवढी जागा नसते. सरळ सांगतो, या उंचीला त्याला उचलून न्या. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, पाठ आडवी. घराच्या दारातून डेकवर उतरताना जो एकच उंबरा असतो, १५-२० सेंमीचा, तिथे मात्र साठ सेंमीची उतरती फळी लावा, वर खडबडीत पट्टी चिकटवून. दिवसातून वीसदा ओलांडायचा उंबरा तो आहे.

फळ्यांकडे येऊ. दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिमी अंतर ठीक. लाकूड ओलं असताना ठोकलेलं असेल तर वाळल्यावर ते दहा मिमीच्या पुढे जातं, मग त्यात नख किंवा अंगठ्याचं वरचं नख अडकून मुळापासून उपटतं. रुंद फटींत लाकडाची पातळ पट्टी बसवून एका बाजूला चिकटवा. गळपट्ट्याला लटकणारा नावाचा बिल्ला या फटींत उभा शिरतो आणि आडवा होतो. कुत्रं पडलेलं असतं, उठायला जातं आणि मान खालीच बांधलेली राहते, मग ते घाबरून गोल फिरत स्वतःलाच आवळतं. डेकवर लटकता बिल्ला नको. गळपट्ट्यालाच सपाट बसणारा बिल्ला मिळतो, किंवा जोराने ओढल्यावर सुटणारा गळपट्टा वापरा. यॉर्कशायर टेरियर आणि पोमेरेनियन यांची श्वासनलिका नाजूक असते, त्यांना तर गळपट्ट्याचा झटका मुळीच नको.

वर आलेली खिळ्यांची डोकी ठोकून बसवू नका, दोन महिन्यांत ती परत वर येतात. खिळा काढून स्क्रू घाला. कुसळं दिसली की पॉलिश पेपर मारा. डेक जुना असेल, २००४ च्या आधी बांधलेला, आणि हिरवट प्रक्रिया केलेल्या लाकडाचा असेल, तर त्यात आर्सेनिक असलेलं रसायन असू शकतं. असं लाकूड कोरडं घासू नका, त्याला चांगला थर द्या आणि चघळायची सवय असलेल्या पिल्लाला त्यापासून दूर ठेवा. नवीन रंग किंवा तेल दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत कुत्री वर नकोत. ती पंजे चाटतात.

शेवाळलेली फळी माणसालाही पाडते. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष बराच आढळतो, आणि घसरणं त्याला निमित्त होतं. ब्रशने घासून शेवाळ काढा आणि धावण्याच्या वाटेवर, विशेषतः दारापासून फाटकापर्यंत, भोकांची रबरी चटई किंवा खडबडीत पट्ट्या लावा. उन्हाचं एक सांगायचं राहतं: गडद रंगाच्या कृत्रिम फळ्या लाकडापेक्षा जास्त तापतात. हाताची मागची बाजू फळीवर सात सेकंद ठेवता आली नाही तर पंज्यांनाही ती सोसणार नाही. छोट्या कुत्र्याचं पोट फळीपासून वीतभरच वर असतं, त्यामुळे खालची धग त्याला थेट लागते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करणं नीट जमतच नाही. सावली आणि पाणी दोन्ही डेकवर असू द्या.

कुंड्यांमधून कण्हेर आणि सायकस काढून टाका, दोन्ही कुत्र्यांना जीवघेणी आहेत. गोगलगायी मारायचं विष आणि हाडांचं खत डेकवर ठेवू नका.

डेकखालची जागा मात्र विसरली जाते. तिथे उंदीर आणि त्यांच्यामागे साप येतात, बांधकामातले खिळे पडलेले असतात, आणि डॅशहुंडला यापेक्षा आकर्षक जागा जगात नाही. चहूबाजूंनी जाळी लावा आणि तिची खालची ३० सेंमी जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवी वळवून मातीखाली पुरा. कुत्रं कडेला खणायला लागतं तेव्हा त्याला लगेच जाळी लागते आणि ते सोडून देतं. खाली उभी जाळी कितीही खोल पुरली तरी हट्टी कुत्रं तिच्यापलीकडे पोचतं.

कुत्रं म्हातारं होऊन त्याची नजर कमी झाली की बरोबर बांधलेला डेकही त्याच्यासाठी नवा होतो. जिन्याच्या अलीकडे अर्धा मीटर वेगळ्या पोताची चटई टाकून ठेवा, पायाखाली बदल जाणवला की आंधळं कुत्रं थांबायला शिकतं. आणि सामान एकदा लावलं की हलवू नका.

काम झालं असं वाटलं की स्वतः गुडघ्यांवर बसून, डोकं फळीपासून वीतभर उंचीवर आणून सबंध कडेने एक फेरी मारा. टेबल टेनिसचा चेंडू हातात घेऊन प्रत्येक फटीला लावा, फाटकाखाली लावा, जिन्याच्या त्रिकोणांना लावा. जाळी मुठीने जोरात रेटून पाहा. कुत्रं शांत बसलेलं असताना कुठलीही जाळी टिकते, आपल्याला ती खारीमागे सुसाट आलेल्या कुत्र्यासाठी हवी आहे. मग कुत्र्यांना हातात पट्टा धरून फिरवा आणि ती कुठे नाक खुपसतात ते पाहा. नजरेतून सुटलेली जागा तीच दाखवतात.

एवढं करूनही कुत्रं पडलं, तर ते उठून शेपूट हलवायला लागलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. फुप्फुसाची इजा, छाती आणि पोट यांमधला फाटलेला पडदा किंवा फुटलेलं मूत्राशय कधीकधी काही तासांनी दिसून येतं. उचलताना फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर आडवं ठेवा, पाठ वाकू देऊ नका. वेदना कमी व्हावी म्हणून माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, आणि छोट्या कुत्र्याला तर थोडीशी मात्राही पुरते.

दोघांना मोकळं सोडता येईल का, हा तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही डेकवर आहात किंवा दारातून ती दिसताहेत तोवर, हो, निर्धास्त सोडा. घरात कोणी नसताना किंवा रात्री, नाही. दोन-तीन किलोच्या कुत्र्याला उचलून नेणारे मोठे शिकारी पक्षी काही भागांत असतात, आणि कडी कधी ना कधी नीट बसत नाही. उन्हाळा संपल्यावर आणि पावसाळा संपल्यावर चेंडू घेऊन तीच फेरी पुन्हा मारा. लाकूड हलतं, स्क्रू सैल होतात. फाटकाच्या बिजागरीचे स्क्रू सर्वांत आधी सुटतात, सुरुवात तिथून करा.